मराठी शब्दखेळांसाठी हव्या त्या अक्षरांचे शब्द कसे शोधायचे (कोडी, भेंड्या, वर्डल, सगळ्यासाठी)

शब्दकोडं सोडवताना किंवा रचताना एक वेळ हमखास येते, चार चौकोन, दुसरा र, शेवटचा ळ, बाकी दोन रिकामे, आणि डोकं बंद. मग नेटवर शोधायला जावं तर जे तयार वर्ड फाइंडर मिळतात ते बहुतेक इंग्रजीसाठी बनवलेले, त्यात मराठी टाकलं की काहीच्या काही उत्तरं येतात. यात ते बनवणाऱ्यांचा तसा दोष नाही, आपली लिपी कॉम्प्युटरमध्ये ज्या पद्धतीने साठवली जाते तिचा आणि कोड्यातल्या चौकोनांचा मेळच बसत नाही. पण एकदा तो मेळ बसवून घेतला ना, की पुढचं सगळं सोपं आहे, तेच इथे सविस्तर सांगतो. आधी नुसत्या डोक्याने कसं शोधायचं ते, मग यादी आणि कॉम्प्युटर. ज्यांना कॉम्प्युटरचा भाग नकोय त्यांनी पहिला अर्धा वाचला तरी चालेल.

आधी चौकोन म्हणजे काय ते ठरवा

मराठी कोड्यात एका चौकोनात एक पूर्ण अक्षर बसतं, म्हणजे व्यंजन, त्याचा काना-मात्रा-वेलांटी, अनुस्वार, आणि जोडाक्षर असेल तर ते अख्खं. 'स्त्री' हा एका चौकोनाचा शब्द, 'क्षमा' दोन चौकोनांचा, 'हिरवळ' चार. हे आपल्याला शाळेपासून माहितीय म्हणून आपण त्याचा विचारच करत नाही. पण कॉम्प्युटरला 'स्त्री' सहा तुकड्यांचा दिसतो: स, हलन्त (पाय मोडल्याची खूण), त, हलन्त, र, दीर्घ वेलांटी. स्प्रेडशीटमध्ये लांबी मोजायचा लेन फॉर्म्युला लावून बघा, सहाच येईल. म्हणून 'चार अक्षरी शब्द दे' असं मशीनला सांगितलं की ते भलतेच शब्द देतं.

आणि खेळाचे नियम आधी बघून घ्या. काही कोड्यांमध्ये आडव्या-उभ्या शब्दांत ऱ्हस्व-दीर्घ तंतोतंत जुळावं लागतं, काही ठिकाणी चालवून घेतात. विलोमपदांचंच बघा ना (उलटं वाचलं तरी तेच), 'चिमा काय कामाची' सगळ्यांना पाठ असतं, पण सुरुवातीला चि आहे आणि शेवटी ची. 'तो कवी डालडा विकतो' मध्येही वी आणि वि. दोन्ही वाक्यं ऱ्हस्व-दीर्घाकडे काणाडोळा केला तरच जमतात. 'रामाला भाला मारा' मात्र चोख आहे, रा-मा-ला-भा-ला-मा-रा, कुठेच सूट घ्यावी लागत नाही. मी स्वतः कोडं रचताना सूट घेत नाही, सोडवणाऱ्याला ते लगेच खटकतं.

डोक्याने शोधायचं तर शेवटापासून सुरुवात करा

बरेच जण रिकाम्या पहिल्या चौकोनात क, ख, ग करत बाराखडी लावत बसतात. ते शेवटचा उपाय म्हणून ठीक आहे पण फार वेळखाऊ. मराठी शब्दांची शेपटं ठरलेली असतात, शेवटचं एक अक्षर जरी हातात असेल तरी त्याच्या आधी काय येऊ शकतं ते पटकन मर्यादित होतं. वरचंच उदाहरण घ्या, दुसरा र आणि चौथा ळ. शेवटी ळ असलेले शब्द आठवायला लागा: चळवळ, तळमळ, अडगळ, वर्दळ, गोंधळ, ओंजळ, वादळ. म्हणजे ळ च्या आधी व, म, ग, द, ध, ज अशी अक्षरं येतात हे लक्षात आलं. आता त्यातली एकेक जोडी घेऊन दुसऱ्या चौकोनातला र जोडा: र-ग-ळ म्हटल्याबरोबर मरगळ, र-व-ळ म्हटल्याबरोबर दरवळ आणि हिरवळ, ग ऐवजी घ घेऊन र-घ-ळ म्हटलं की विरघळ (विरघळणे मधलं). सगळी बाराखडी न लावता चार शब्द हातात.

अशी शेपटं डोक्यात ठेवायची सवय लागली की पाच-सहा चौकोनांचे शब्द उलट सोपे वाटायला लागतात, कारण निम्मा शब्द आधीच भरलेला असतो. शेवटी 'णूक' दिसलं की करमणूक, फसवणूक, मिरवणूक, निवडणूक, गुंतवणूक, अडवणूक, साठवणूक, हे सगळे पाच चौकोनी, आणि वागणूक चार. शेवटी 'वा' असेल आणि शब्द तीन चौकोनी असेल तर थकवा, गारवा, गोडवा, ओलावा, दुरावा, पुरावा. 'ळू' असेल तर जवळजवळ नक्की स्वभाव सांगणारं विशेषण: दयाळू, मायाळू, झोपाळू, लाजाळू, विसराळू. 'आई' वाले लढाई, चढाई, महागाई, दिरंगाई. मग दार, खोर, गिरी, बाज, खाना, पणा हे तर आहेतच, त्यावर वेळ घालवत नाही.

सुरुवातीकडूनही असंच करता येतं, बे, ना, गैर, बिन, प्रति, उप, अति, पण मला विचाराल तर शेपटं जास्त कामाची. आणि सूचनेतच शेपूट दडलेलं असतं हे विसरू नका. सूचना क्रियापद असेल, म्हणजे 'पळून जाणे' वगैरे, तर उत्तराच्या शेवटी णे असणार हे धरून चला आणि तो चौकोन पेन्सिलने आधीच भरून टाका. सूचना अनेकवचनी असेल तर उत्तरही अनेकवचनी. स्त्रीलिंगी व्यवसाय किंवा प्राणी विचारला असेल तर 'ईण' चा अंदाज घ्या, वाघीण, मालकीण.

ऱ्हस्व-दीर्घाचे नियम म्हणजे फुकटची सूचना

हा भाग लोक टाळतात आणि इथेच सगळ्यात जास्त फायदा आहे. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम १९६२ मध्ये आले आणि १९७२ मध्ये त्यात भर पडली, हल्लीचं सगळं लिखाण त्यावर चालतं, म्हणजे कोडीही. त्यातले चारच नियम शब्दखेळाला पुरतात.

पहिला, शब्दाच्या शेवटचे इकार-उकार दीर्घ: कवी, गुरू, मती. म्हणून शेवटच्या चौकोनात ऱ्हस्व वेलांटी किंवा ऱ्हस्व उकार आला की काहीतरी चुकलंय असं समजा, अपवाद मोजके, आणि, नि, परंतु, तथापि असले. दुसरा, शेवटचं अक्षर काना-मात्रा नसलेलं असेल तर मराठी शब्दात त्याच्या आधीचा इकार-उकार दीर्घ: गरीब, वकील, विहीर, फूल, मूल. पण संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द हे पाळत नाहीत, गुण, विष, मंदिर, मधुर, रसिक. याचा उलटा उपयोग होतो! आडव्या शब्दामुळे तुमच्याकडे 'सि' आला असेल आणि त्यापुढे शेवटचा चौकोन साधा 'क' असेल तर तो शब्द बहुधा संस्कृत घराण्यातला, मग रसिक, मासिक असल्या दिशेने विचार करायचा, आणि दीर्घ आला असेल तर अस्सल मराठी किंवा फारसी-अरबीकडून आलेल्या शब्दांकडे वळायचं.

तिसरा नियम, शेवटचं अक्षर दीर्घ असेल तर त्याच्या लगेच आधीचा इकार-उकार ऱ्हस्व: किडा, विळी, सुरी, पिसू, महिना. इथेही पूजा, परीक्षा, क्रीडा हे संस्कृत पाहुणे वेगळे वागतात. चौथा, अनुस्वार किंवा जोडाक्षराच्या आधीचे इकार-उकार सहसा ऱ्हस्व: चिंच, लिंबू, तुरुंग, शिस्त, मुक्काम, दुष्काळ. म्हणजे चौकोनात दीर्घ 'मू' आलाय आणि पुढच्या चौकोनात जोडाक्षर येतंय असं वाटत असेल तर परत एकदा तपासा, मूर्ती, मूर्ख, मूल्य असा संस्कृत शब्द असल्याशिवाय ते जमणार नाही.

अजून एक, ळ ने मराठीत शब्द सुरू होत नाही, ङ आणि ञ नेही नाही, ण ने सुरू होणारा शब्द रोजच्या वापरात सापडणं मुश्किल. कोडं रचताना उभ्या शब्दाची सुरुवात जिथे होते त्या चौकोनात आडव्या शब्दाचा ळ किंवा ण येऊ देऊ नका, नाहीतर अख्खा कोपरा पुसावा लागतो. शब्दांच्या भेंड्या खेळताना मात्र नेमकं उलटं, ळ-ण वर संपणारा शब्द टाकला की समोरचा अडकतो, म्हणून तर बहुतेक जण ळ चा ल आणि ण चा न करायची सवलत देतात. ती सवलत आहे की नाही ते खेळ सुरू व्हायच्या आधी ठरवा, मधे ठरवलं की भांडणं.

आणि बाराखडी लावायचीच वेळ आली तर ती क पासून ज्ञ पर्यंत सरळ लावू नका. कुठलाही जाडजूड मराठी शब्दकोश हातात घेऊन नुसती पानांची जाडी बघा, अ, क, प, म, व, स ही प्रकरणं भरगच्च आणि ठ, ढ, थ, झ बारीक. आधी जाड प्रकरणं लावून बघायची.

शब्दांची यादी कुठून आणायची

आता कॉम्प्युटर. आधी यादी लागते, एका ओळीत एक शब्द अशी साधी टेक्स्ट फाइल. लिबरऑफिससारख्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये मराठी शुद्धलेखन तपासायला जी डिक्शनरी येते ती हनस्पेल प्रकारातली असते, म्हणजे आत साधी शब्दयादीच. अशा फायलीची पहिली ओळ म्हणजे शब्दांची संख्या असते, ती उडवायची, आणि शब्दापुढे तिरकी रेघ देऊन काही खुणा असतील तर रेघेपासून पुढचं कापून टाकायचं. दुसरा साठा म्हणजे मराठी विकिपीडिया आणि विक्शनरीच्या लेखांच्या शीर्षकांची यादी, ती त्यांच्या डंप पानावरून (सगळी माहिती एकगठ्ठा देणारं पान) डाउनलोड करता येते, माणसांची-गावांची नावं हवी असतील तर विकिपीडियाची बरी, नुसते शब्द हवे असतील तर विक्शनरीची.

जुने कोशही ऑनलाइन आहेत. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश (१८३१, सुधारलेली दुसरी आवृत्ती १८५७) आणि दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश (१९३२ ते १९३८ मधले सात खंड) हे दोन्ही शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई डिजिटल कोशांच्या साइटवर शोधता येतात. अडलेला, विस्मरणात गेलेला शब्द बहुधा तिथे सापडतो, पण लेखन जुनं आहे, नांव, गांव, केंस असे न उच्चारले जाणारे अनुस्वार आणि कवि, गुरु असे ऱ्हस्व शेवट. तिथला शब्द कोड्यात घालण्याआधी आजच्या नियमांनी लिहून बघायचा, चौकोनांची संख्या बदलत नाही पण चौकोनातलं अक्षर बदलतं.

बातम्या वगैरेंवरून गोळा केलेल्या याद्यांमध्ये अजून एक कटकट, घराने, घराला, घरातून, घराचा असे प्रत्यय लागलेले शब्द ढिगाने असतात. ला, ने, चा, तून वर संपणारे सगळे उडवून टाकावे असा मोह होतो, पण किल्ला, सल्ला, तबला, बंगला, साचा पण त्यात जातील. उडवू नका, वेगळ्या फायलीत काढून ठेवा आणि सवडीने नजर टाका.

यादी एकदाच चौकोनांमध्ये कापून ठेवा

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच आणि नेमकी हीच कोणी करत नाही. प्रत्येक वेळी मशीनला अक्षर म्हणजे काय ते समजावत बसण्यापेक्षा सगळ्या यादीत चौकोनांच्या मधे एकदाच आडवी रेघ घालून ठेवायची, हिरवळ चं हि-र-व-ळ, मग पुढचा प्रत्येक शोध सोपा. हे करायला प्रोग्रामिंग लागत नाही, फाइंड-रिप्लेस पुरतं, फक्त एडिटरमध्ये रेग्युलर एक्सप्रेशनची (ठरावीक शब्दाऐवजी खुणांनी लिहिलेला नमुना शोधायची) सोय पाहिजे. विंडोजवर नोटपॅड प्लस प्लस घ्या (रिप्लेसच्या खिडकीत खाली सर्च मोड मध्ये रेग्युलर एक्सप्रेशन निवडायचं), लिबरऑफिसमध्येही चालतं पण मोठी यादी असेल तर ते रेंगाळतं. फाइल यूटीएफ-८ मध्येच (देवनागरी नीट साठवणारं एन्कोडिंग) सेव्ह करा, नाहीतर सगळे प्रश्नचिन्हच दिसतील. मूळ यादीची कॉपी आधी बाजूला ठेवा आणि पहिल्यांदा दहा-बारा शब्दांवर करून बघा.

कापायच्या आधी थोडी साफसफाई. मराठीतला तो 'दुसऱ्या', 'कुऱ्हाड', 'तऱ्हा' मधला अर्धा र दोन-तीन प्रकारांनी टाइप होतो, एकात ऱ आणि हलन्त असतो, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि त्यामागे एक न दिसणारं जोडचिन्ह असतं. दिसायला डिट्टो सारखे, पण शोधताना एक सापडतो एक नाही, आणि माणूस वेडा होतो. म्हणून यादीतलाच त्या दुसऱ्या प्रकारचा एखादा शब्द घ्या, त्यातला अर्धा र कॉपी करून फाइंडमध्ये टाका, रिप्लेसमध्ये ऱ् टाका आणि सगळीकडे बदलून घ्या. तसंच काही फायलींमध्ये ऱ हा र आणि खाली नुक्ता (टिंब) असा दोन तुकड्यांत असतो, तोही एकसारखा करा.

आता कापणी, तीन रिप्लेस:

पहिला. शोधा: [अ-हॲ]
बदला: -$0
म्हणजे प्रत्येक स्वर आणि व्यंजनाच्या आधी आडवी रेघ. युनिकोडमध्ये (कॉम्प्युटरमधली सगळ्या लिप्यांच्या अक्षरांची क्रमवार यादी) अ पासून ह पर्यंत सगळे स्वर-व्यंजनं ओळीने आहेत, ळ आणि ऱ पण मधेच आहेत, पण आपला मराठी ॲ मागाहून लांब दुसरीकडे बसवलाय म्हणून तो वेगळा लिहायला लागतो, तो विसरलात तर मधे ॲ असलेले शब्द नीट कापले जाणार नाहीत. डॉलरच्या पुढचं शून्य इंग्रजी आकड्यातलंच टाइप करायचं.

दुसरा. शोधा: ्-
बदला: ्
हलन्तापुढे पडलेली रेघ काढून टाकायची, म्हणजे जोडाक्षर परत एकत्र येतं. स्त्री चं पहिल्या पायरीत -स्-त्-री झालेलं असतं ते आता -स्त्री होतं.

तिसरा. शोधा: ^-
बदला: रिकामं
ओळीच्या सुरुवातीची रेघ गेली. संपलं. कु-ऱ्हा-ड, पा-ऊ-स, अं-त, क्ष-मा अशी यादी तयार.

रेडीमेड सोय पण आहे, काही टूल्समध्ये उलटी तिरकी रेघ आणि कॅपिटल एक्स लिहिलं की एक अख्खं दिसणारं अक्षर पकडतात. पण त्यावर भरवसा नको, देवनागरी जोडाक्षर एकसंध धरायचा नियम युनिकोडमध्ये २०२३ च्या १५.१ आवृत्तीत आला, त्याआधीची टूल्स क्ष चे दोन तुकडे करतात. आपली हाताने केलेली कापणी कुठेही चालते.

आता नमुना टाकून शोधायचं

एका अनोळखी चौकोनासाठी हा तुकडा पाठ करा किंवा कुठेतरी लिहून ठेवा:

[अ-ॲँंः]+

याचा अर्थ, देवनागरीतली कुठलीही चिन्हं, एक किंवा जास्त, पण आडवी रेघ नाही. (अ पासून ॲ पर्यंतच्या पट्ट्यात मात्रा आणि हलन्तही येतात, चंद्रबिंदू-अनुस्वार-विसर्ग अ च्या आधी असल्यामुळे वेगळे दिलेत.) काही जण इथे 'रेघ सोडून काहीही' असं लिहितात, ते बरंच आखूड होतं पण त्यात ओळ संपल्याची खूणही मोजली जाते आणि दोन ओळींतले दोन शब्द चिकटून एक उत्तर म्हणून येतात.

मग आपलं सुरुवातीचं कोडं असं लिहायचं:

^[अ-ॲँंः]+-र-[अ-ॲँंः]+-ळ$

टोपी म्हणजे शब्दाची सुरुवात, डॉलर म्हणजे शेवट. नोटपॅड प्लस प्लस मध्ये फाइंड ऑल इन करंट डॉक्युमेंट दाबलं की खाली सगळ्या जुळणाऱ्या ओळी एकत्र दिसतात. दुसऱ्या चौकोनात र आहे पण त्याची मात्रा माहीत नाही, किंवा तो प्र, र्क अशा जोडाक्षरातही असू शकतो, तर त्या जागी नुसत्या र ऐवजी [अ-ॲँंः]*र[अ-ॲँंः]* लिहा, म्हणजे 'ज्यात कुठेतरी र आहे असा चौकोन'. लक्षात ठेवा की रफार आपण अक्षराच्या डोक्यावर बघतो पण साठवताना र आधी असतो, 'अर्क' म्हणजे अ-र्क, म्हणून 'र ने सुरू होणारा चौकोन' शोधलात तर र्क पण येणार. ऱ्हस्व वेलांटीचं याच्या उलट, दिसते अक्षराच्या आधी पण साठवलेली असते अक्षराच्या नंतर.

दोन-चार कामाचे नमुने अजून. काना-मात्रा काहीच नसलेले चार चौकोनी शब्द, मुलांसाठी कोडी करताना फार लागतात, ते न कापलेल्या मूळ यादीवरच शोधा:

^[अक-ह][क-ह][क-ह][क-ह]$

अडचण, कसरत, घरभर, परवड असे शब्द धडाधड येतात. दुहेरी शब्द, म्हणजे खळखळ, सळसळ, बडबड, झुळझुळ, हेही मूळ यादीवर:

^(.+)\1$

कंसात जे पकडलं तेच परत आलं पाहिजे असा याचा अर्थ, एक हा इंग्रजी आकडा. यात काका, मामा पण येतील, ते येऊ द्या.

तीन चौकोनी विलोमपदं मात्र कापलेल्या यादीवरच शोधायला लागतात, ^([अ-ॲँंः]+)-[अ-ॲँंः]+-\1$ असं, मग सरस, कनक, नयन, रबर, जहाज, समास, नवीन, मध्यम सगळे मिळतात. न कापलेल्या यादीवर मशीनला शब्द उलटा करायला सांगितला तर समास चा काना उडून भलत्या अक्षरावर बसतो आणि ते म्हणतं हा विलोम नाहीच. पाच चौकोनी हवा असेल तर दोन कंस घ्या, मधला एक मोकळा चौकोन, मग \2 आणि शेवटी \1, नवजीवन सापडतो का बघा.

गुगल शीट्समध्ये रेजेक्समॅच फॉर्म्युल्याने वरचे बाकीचे नमुने चालतात पण हे 'तेच परत आलं पाहिजे' वालं तिथे चालत नाही, त्याला एडिटरच वापरा.

अक्षरं इकडची तिकडे करून होणारे शब्द

नदी-दीन, काम-मका, राज-जरा, वीर-रवी, मजा-जाम, सदा-दास, हे दोन चौकोनी तर चालता बोलता सापडतात. तीन चौकोनी जरा अवघड, कमान-मानक, रसद-सदर, नवस-वसन. हाताने शोधताना अक्षरं एका ओळीत न लिहिता गोल मांडा आणि प्रत्येक अक्षरापासून सुरुवात करून दोन्ही दिशांनी वाचा, तीन अक्षरांच्या सहाही मांडण्या त्यातच होतात, काही राहत नाही.

इथेही चौकोनाचं भान ठेवायला लागतं. गाजर आणि जागर, मशीनच्या हिशोबाने तुकडे तेच आहेत, ग, ज, र आणि एक काना, पण खेळात हे चालणार नाही कारण एकात गा आणि ज आहे, दुसऱ्यात जा आणि ग. म्हणून परत कापलेली यादी घ्या, शीट्समध्ये एका कॉलममध्ये टाका, शेजारच्या कॉलममध्ये स्प्लिटने रेघेवर तोडा, ट्रान्सपोजने उभं करा, सॉर्ट करा आणि जॉइनने परत रेघेने जोडा, हे चारही एकाच फॉर्म्युल्यात एकात एक बसतात. रसद आणि सदर दोघांचीही किल्ली द-र-स अशी सारखीच येईल. मग त्या किल्लीच्या कॉलमप्रमाणे पूर्ण शीट लावलं की सारख्या किल्लीचे शब्द आपोआप शेजारी-शेजारी येऊन बसतात. हे एकदा करून ठेवलं की आयुष्यभराची सोय.

वर्डलसारखे खेळ

वर्डलमध्ये लपलेला शब्द ओळखायचा असतो आणि प्रत्येक अंदाजानंतर चौकोन रंगतात: हिरवा म्हणजे अक्षर आणि जागा दोन्ही बरोबर, पिवळा म्हणजे अक्षर आहे पण दुसऱ्या जागी, राखाडी म्हणजे ते अक्षर शब्दात नाही. जॉश वॉर्डलचा इंग्रजी वर्डल २०२१ मध्ये सगळ्यांसाठी खुला झाला आणि २०२२ च्या जानेवारीत न्यूयॉर्क टाइम्सने तो घेतला, तेव्हापासून भाषाभाषांत त्याच्या नकला आल्या. इंग्रजीत एक अक्षर एक चौकोन असल्यामुळे तिथे कापाकापी लागत नाही, अनोळखी चौकोनाला एक टिंब पुरतं. मराठीत पहिला प्रश्न हा की राखाडी रंग आला म्हणजे नेमकं काय बाद झालं, नुसता 'का' की क ची अख्खी बाराखडी? प्रत्येक खेळाचं वेगळं असतं, मदतीचं पान वाचा, नाहीतर बरोबर शब्द स्वतःच बाद करून बसाल.

ते कळलं की हिरवा चौकोन नमुन्यात जसाच्या तसा लिहायचा. राखाडी अक्षरांसाठी वेगळा शोध लावायचा नाही, आधीच्या शोधातून आलेल्या ओळी नव्या फायलीत कॉपी करून त्यातून राखाडी अक्षर असलेल्या ओळी काढत जायचं, मोठा अगम्य नमुना लिहिण्यापेक्षा ही चाळणी एकावर एक लावलेली बरी. पिवळ्यासाठी दोन चाळण्या: ते अक्षर शब्दात कुठेतरी आहे अशा ओळी ठेवायच्या, आणि त्यातून त्याच जागी ते आहे अशा ओळी काढायच्या. नोटपॅड प्लस प्लस मध्ये फाइंडच्या खिडकीत मार्क नावाचा टॅब आहे, तिथे बुकमार्क लाइन वर टिक करून मार्क ऑल केलं की जुळणाऱ्या ओळींना खूण लागते, मग सर्च मेनूतल्या बुकमार्कमधून खूण लागलेल्या ओळी काढता येतात किंवा खूण न लागलेल्या काढता येतात, दोन्ही चाळण्या त्यावरच होतात.

पहिला अंदाज कुठला टाकायचा हे तुमच्या यादीलाच विचारा. अल्फ्रेड बट्सने स्क्रॅबल (अक्षरांच्या सोंगट्या मांडून शब्द करायचा इंग्रजी खेळ) बनवताना वर्तमानपत्रातली अक्षरं मोजून कुठल्या अक्षराला किती गुण ते ठरवलं होतं, तेच काम आपली कापलेली यादी दोन मिनिटांत करते: आडव्या रेघेच्या जागी नवी ओळ टाकली की प्रत्येक चौकोन वेगळ्या ओळीत येतो, तो कॉलम शीट्समध्ये घालून पिव्हट टेबलने (कुठली नोंद किती वेळा आली ते मोजून देणारी सोय) मोजा. वर जी अक्षरं येतील त्यांचा, एकही अक्षर दोनदा न येणारा शब्द पहिला टाकायचा. खेळ चार चौकोनी असेल तर मोजणीही फक्त चार चौकोनी शब्दांवरच करा, अख्ख्या यादीवर केली तर ते णे वाली क्रियापदं सगळा हिशोब बिघडवतात.

कोडं रचणाऱ्यांनी मात्र यादीने दिलेला शब्द डोळे झाकून घेऊ नये. यादीत आहे म्हणजे लोकांना माहीत आहे असं नाही, जुन्या कोशातले कित्येक शब्द आज कोणी बोलत नाही. ज्या शब्दाची सूचना एका साध्या वाक्यात लिहिता येत नाही तो सोडून द्यायचा आणि शेजारचा चौकोन बदलून परत शोधायचं, यादी कापलेली असेल तर त्याला अर्धा मिनिटही लागत नाही.